जुन्नरचा सौदागर

पुण्यात औंधच्या रस्त्याला ब्रेमेन चौक आहे. रोज हजारो माणसे तिथून जातात. आमच्या शाळेतल्या मुलांना विचारले तर ती सांगतात, "कोई अंग्रेज होगा सर, उसका नाम है." ब्रेमेन हा साहेब नव्हे, गाव आहे. उत्तर जर्मनीतले, वेझर नदीवरचे जुने व्यापारी शहर. त्या शहराशी पुण्याची मैत्री आहे, म्हणून चौकाला त्याचे नाव. गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा हे चौघे म्हातारपणी मालकाला नकोसे होतात आणि गाणे-बजावणे करून पोट भरू म्हणून ज्या गावाला निघतात, ते हेच गाव. गोष्ट मुलांना ठाऊक असते. गंमत अशी की गोष्टीतले चौघे ब्रेमेनला कधी पोचतच नाहीत, वाटेतच चोरांच्या घरात मुक्काम ठोकतात. तरी ब्रेमेनवाल्यांनी त्यांचा ब्राँझचा पुतळा आपल्या नगरभवनाच्या शेजारी उभा केला आहे.

हे लोक जुन्या गोष्टी जपण्यात मोठे चिवट. मध्ययुगात हान्सा नावाचा व्यापारी शहरांचा संघ होता, त्यात ब्रेमेन होते. बाजार स्वतंत्र आहे, कोण्या सरदाराच्या मेहेरबानीवर नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी १४०४ साली चौकात रोलांड नावाच्या वीराचा दगडी पुतळा उभारला. त्याच्या हातात तलवार आणि ढाल. मागचे नगरभवन १४०५ ते १४१० मध्ये बांधले. २००४ साली युनेस्कोने या दोन्हींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सहाशे वर्षे झाली, पुतळा तिथेच, भवन तिथेच.

वाचकहो, आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. घरात 'हम' बोलायची सवय, म्हणून मराठीत लिहितानाही 'आम्ही'च येते. त्यात मोठेपणाचा भाग नाही. नववीच्या वर्गात व्यापारी शहरांचा विषय निघाला की आमची मुले लगेच परदेशाची नावे घेतात, नाहीतर मुंबईचे. व्यापारावर जगलेले, व्यापारावर वाढलेले आणि व्यापाराबरोबरच खाली बसलेले एक शहर आपल्याच जिल्ह्यात, पुण्यापासून नव्वदेक किलोमीटरवर आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. ते शहर म्हणजे जुन्नर. ब्रेमेनचे नाव कागदोपत्री येते ते आठव्या शतकात. जुन्नरची बाजारपेठ त्याच्याही सात-आठशे वर्षे आधीची.

मागच्या हिवाळ्यात आम्ही ठरवले की सहल जुन्नरलाच न्यायची. संमतिपत्रे घरी पाठवली आणि दुसऱ्या दिवसापासून पालक शाळेत येऊ लागले. एक वालिदा थेट म्हणाल्या, "सर, बच्चों को वॉटर पार्क ले जाओ ना. किले पर क्यूं? माहौल देख रहे हो ना?" दुसरे एक अब्बा, रिक्षा चालवणारे, त्यांनी हळूच विचारले, "टोपी घालून येऊ द्यायचे की नको?" या प्रश्नाला बी.एड.च्या पुस्तकात उत्तर नाही. आम्ही म्हटले, मूल घरातून जसे निघते तसे येऊ द्या. बालभारतीचे चौथीचे 'शिवछत्रपती' हे पुस्तक उर्दूतही निघते. ते या मुलांनी पाठ केलेले आहे. शिवनेरी आणि जिजाबाई ही नावे त्यांनी आपल्या लिपीत, उजवीकडून डावीकडे वाचलेली आहेत. पाठ केलेली जागा डोळ्यांनी पाहायला परवानगी कोणाची लागते? पण हे आम्ही बोललो तेवढेच. संमतिपत्रांतली सात कोरी परत आली, हेही इथे सांगितले पाहिजे. त्या सात घरांना आम्ही दोष देत नाही. पोटच्या पोराची काळजी इतिहासाच्या तासापेक्षा मोठी असते.

जुन्नर समजून घ्यायचे तर खरे म्हणजे आधी नाणेघाटात जायला हवे. मुलांना एका दिवसात ते झेपले नसते, म्हणून आम्ही एका सहकाऱ्याबरोबर आधीच जाऊन आलो होतो. कोकणातल्या कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल घाटावर चढवायचा तर वाट हवी. सातवाहनांच्या काळात डोंगर फोडून ही वाट केली. वर चढून आले की एक प्रचंड दगडी रांजण दिसतो. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. येणारा-जाणारा व्यापारी त्यात नाणी टाकायचा असे सांगतात. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता नुसते पाय उरले आहेत. वरचा सारा देह काळाने नेला. पण लेख मात्र राहिला, आणि त्यात आकडे आहेत. यज्ञात दान दिलेल्या गाई किती, घोडे किती, कार्षापण नावाची नाणी किती. हिंदुस्थानातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांत यांची गणना होते. त्या आकड्यांत शून्य नाही. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी तिथेच वहीत ती उतरवून घेतली.

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, खुद्द शिवनेरी. एवढा खर्च राजांनी एकट्यांनी केलेला नाही. लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूचे काम करणारे आहेत, कासार आहेत. यवन म्हणवून घेणारे परदेशी लोकही आहेत. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर भुसार बाजार, बुरूड आणि तांबट आळी यांनी मिळून वर्गणी काढली. पुण्यात गणपतीची वर्गणी निघते, मोहल्ल्यात मशिदीच्या छताची निघते, तसलाच हा मामला.

पुढच्या हजार-बाराशे वर्षांची उडी मारून आम्ही बहमनी काळात येतो, कारण आमचे मन तिथे जास्त रमते. या काळात दख्खनमध्ये एक किताब होता, मलिक-उत-तुज्जार. अर्थ, व्यापाऱ्यांचा राजा. खलफ हसन बसरी हा घोड्यांचा व्यापारी, त्याने अहमदशहा बहमनीला अडचणीच्या वेळी साथ दिली आणि गादी मिळाल्यावर सुलतानाने त्याला हा किताब दिला. पुढे तोच किताब महमूद गवानकडे आला. हाही इराणातल्या गिलानहून व्यापारासाठी आलेला माणूस. तो वजीर झाला, बिदरला त्याने मदरसा बांधला, आणि १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या कारस्थानात सुलतानाच्या हुकुमाने त्याची मान गेली. व्यापाऱ्याला राज्यात इतका मान आणि अखेर हे असे मरण.

याच महमूद गवानच्या अमलात, १४७० च्या आसपास, जुन्नरला एक रशियन सौदागर येऊन राहिला. त्याचे नाव अफनासी निकितिन. वास्को द गामा यायला अजून पंचवीस-तीस वर्षे होती. तो त्वेर नावाच्या गावचा, वाटेत लुटला गेलेला, कर्जात बुडालेला. कोणीतरी सांगितले की हिंदुस्थानात घोडा चांगल्या भावाने विकतो, म्हणून त्याने एक घोडा घेतला आणि जहाजातून चौलला उतरला. तिथून पालीवरून घाट चढून जुन्नर. पावसाळा लागला होता. सगळीकडे पाणी आणि चिखल. दोन महिने तो जुन्नरला अडकून पडला. गोरा माणूस म्हणून लोक त्याच्या मागे मागे फिरायचे. त्याने सारे टिपून ठेवले. इथे घोडे पैदा होत नाहीत, समुद्रावरून येतात. त्यांना हरभरा घालतात आणि साखर घालून शिजवलेली खिचडी देतात. बसमध्ये आम्ही हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हमारे डब्बे में भी खिचडी है, शक्कर नहीं है!" सगळी गाडी हसली.

निकितिनची पुढची हकीकत हसण्याची नाही. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन आहे असे कळल्यावर त्याने अट घातली, आमच्या दीनमध्ये ये, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी. नाहीतर घोडा गेला आणि हजार नाणी तूच भर. चार दिवसांची मुदत. परक्या मुलखात एकटा माणूस, त्याने काय करावे? तेवढ्यात खुरासानचा ख्वाजा मुहम्मद नावाचा एक इसम तिथे आला. निकितिनने त्याचे पाय धरले. ख्वाजा खानाकडे गेला, शब्द टाकला, धर्मही वाचवला आणि घोडाही परत आणून दिला. पुढे तो घोडा बिदरला विकला गेला. निकितिन मात्र आपल्या गावी पोचला नाही, वाटेतच वारला. त्याचे टिपण पोचले. चौलजवळ रेवदंड्याला आता त्याचे स्मारक आहे.

ही हकीकत मुलांना सांगावी की नाही, असा प्रश्न आमच्या एका सहकाऱ्यांनी काढला. म्हणाले, असदखानाचे कशाला सांगता, आधीच काय कमी ऐकावे लागते? आम्हांला ते पटले नाही. असदखान गाळायचा तर ख्वाजा मुहम्मदही गाळावा लागेल. दोघेही कलमा पढणारे होते. जबरदस्ती करणारा एक आणि त्याला आडवा जाणारा दुसरा, त्याच गावात, त्याच आठवड्यात. आम्ही दोघांचेही नाव घेऊन सांगितले. एका मुलीने विचारले, "ख्वाजाला खानाची भीती नाही वाटली?" वर्ग चालू असता तर आम्ही या एका प्रश्नावर पूर्ण तास घेतला असता.

मंचर, नारायणगाव करत गाडी जुन्नरला पोचली आणि शिवनेरी समोर उभा राहिला. गडाचे दरवाजे एकामागून एक येतात, आणि त्यांची नावे ऐकून आमची मुले चकित झाली. महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा. परवानगी, शिपाई, फाटक, पीर. अर्थ समजायला कोणालाही अडले नाही. वर अंबरखाना आहे, म्हणजे धान्याचे कोठार, तोही शब्द त्यांच्या ओळखीचा. मराठीचा पेपर म्हटला की घाम फुटणारी मुले त्या दिवशी गडाची नावे मोठ्याने वाचत चढत होती. पाण्याच्या टाक्यावरची कमानी मशीद त्यांनी पाहिली. पुढे जन्मस्थानाच्या इमारतीत गेली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सगळ्यांनी एका सुरात सांगितली. तिथे दर्शनाला आलेल्या एका कुटुंबातल्या आजींनी वळून पाहिले आणि विचारले, "कुठल्या शाळेची गं पोरं?" पुण्याची म्हटल्यावर म्हणाल्या, "मग लांबून आलीत. पाणी प्या." बस, एवढेच झाले. ज्यासाठी सात संमतिपत्रे कोरी राहिली होती, ते काही तिथे घडले नाही. दरवेळी असेच घडेल अशी हमी आम्ही देऊ शकत नाही, त्या दिवशीचे सांगतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात शिवनेरी आहे. म्हणजे ब्रेमेनचा रोलांड आणि जुन्नरचा शिवनेरी आता एकाच यादीत आले. आम्हांला याचा आनंद आहे. पण गडावरून खाली पाहिले की जे गाव दिसते, त्याची कहाणी गडाहून मोठी आहे. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती याच मुलखातून. अहमदनगर, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, ते त्याने १४९४ मध्ये वसवले. तोपर्यंत जुन्नर हीच राजधानी. १६२७ मध्ये जहांगीर बादशहा मेला तेव्हा शहाजहान, बापाशी बंड करून बसलेला शहजादा, जुन्नरलाच होता. दिल्लीच्या तख्ताची खबर त्याला इथे मिळाली आणि इथून तो निघाला. ताजमहालाच्या धन्याने जुन्नरचा पाऊस खाल्लेला आहे! १६५७ मध्ये खुद्द शिवाजी महाराजांनी मोगलांच्या जुन्नरवर छापा घातला आणि घोडे व होनांचा खजिना नेला. ज्या गावावर असा छापा घालावासा वाटतो, त्या गावात पैसा किती खेळत असेल याचा अंदाज करावा.

दुपारी आम्ही गावाबाहेर हापूसबागेत गेलो. आंब्याशी या नावाचा संबंध नाही, हबशी बाग याचे ते झालेले रूप, असे सांगतात. मलिक अंबर या हबशी वजिराशी ही जागा जोडलेली आहे. त्याच्या काळात काही वर्षे जुन्नर पुन्हा निजामशाहीची राजधानी होती. हा मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादपर्यंत हातोहात विकत तो शेवटी दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. ज्या बंदरांतून घोडे येत, त्याच बंदरांतून माणसेही येत. जुन्नरच्या व्यापाराचे गुणगान करताना हे विसरून चालत नाही. निकितिन माल घेऊन आला, मलिक अंबर मालच म्हणून आला. आणि त्या मालाने पंचवीस वर्षे मोगलांना दख्खन गिळू दिले नाही, शेतसाऱ्याची घडी बसवली, खडकीला म्हणजे पुढच्या औरंगाबादला नहर आणली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

हापूसबागेजवळ शेतांमध्ये एक मोठी वास्तू उभी आहे. चौकोनी, भक्कम, वर भला मोठा घुमट, दगडावर नाजूक काम. नाव सौदागर घुमट. आत कोण झोपला आहे हे कोणालाच सांगता येत नाही. राजाची कबर असती तर नाव राहिले असते, पीराची असती तर उरूस भरला असता. लोकांनी एवढेच लक्षात ठेवले की तो सौदागर होता. मुलांनी फातेहा पढली. मग प्रश्न सुरू झाले. "सर, ये क्या बेचता था?" घोडे म्हणावे, कापड म्हणावे, कागद म्हणावा, आम्ही म्हटले, तुम्हीच ठरवा. अर्ध्या मुलांनी घोडे ठरवले. निकितिनच्या खिचडीचा परिणाम.

कागद आम्ही उगीच म्हटले नाही. आमच्या आजोळचे आडनाव कागदी. जुन्नर हे हातकागदाचे नामांकित ठिकाण होते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जुन्नरी आणि दौलताबादी अशी कागदाची नावेच येतात. काम करणारे मुसलमान कारागीर, त्यांना कागदी म्हणत. पेशव्यांच्या काळात जुन्नरचे कागदी पुण्याला आले आणि कसब्यात राहिले, ती वस्ती म्हणजे कागदीपुरा. आजही कसबा पेठेत ते नाव आहे. जुने गोणपाट, दोरखंड, चिंध्या भिजवायच्या, चुन्यात मुरवायच्या, ढेकीने कुटायच्या, नदीवर नेऊन धुवायच्या. मग हौदातल्या पाण्यात तो लगदा कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक पान उचलायचे. भिंतीला चिकटवून वाळवायचे, खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटले नाही तर बोरू अडतो आणि शाई फुटते. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल बांधून ठेवले आहेत. त्यावरचे अक्षर मोडी, लिहिणारे हात बहुधा ब्राह्मण-प्रभूंचे, आणि खालचा कागद अशा कागदींच्या घरचा. राज्याचा हिशेब ज्यावर मांडला ते पान कोणी उचलले, हे त्या रुमालात कुठेही लिहिलेले नाही. लिहिण्याचे कारणही नव्हते.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि धंदा बसला. १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. राज्यघटनेच्या हस्तलिखित हिंदी प्रतीचा कागद पुण्याच्या या हातकागदाच्या कामातून आला. पण कागदीपुऱ्यातली घरे तोवर दुसऱ्या उद्योगांना लागली होती. कोणी भंगारात, कोणी शिवणकामात, आमचे नाना छापखान्यात कंपोझिटर. म्हणजे कागद सुटला नाही, फक्त हातात तयार होण्याऐवजी तयार होऊन हातात येऊ लागला. जुन्नरला त्या दिवशी आम्ही कागदींची चौकशी केली. चहाच्या टपरीवर एका बुजुर्गांनी मोहल्ला दाखवला, नाव सांगितले, कागद काढणारे घर मात्र आम्हांला सापडले नाही.

सहलीनंतरच्या इतवारी आम्ही मामूंकडे गेलो. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. जुन्नरचे नाव काढल्यावर ते म्हणाले, "अपने परदादा वहीं के. नाना बताते थे, दीवार पे कागज सूखता तो बच्चों को गली में गेंद नहीं खेलने देते थे." आम्ही विचारले, त्या कामातले काही घरात उरले आहे का? मामू उठून स्वयंपाकघरात गेले आणि हातात मावेल एवढा एक काळा दगड घेऊन आले. एक बाजू आरशासारखी. घोटण्याचा दगड. आम्ही म्हटले, मामू, दोन दिवसांसाठी द्या, वर्गात दाखवून परत करतो. मामूंनी मान हलवली, पण आतून मामी बाहेर आल्या. त्या दगडाखाली लिंबाचे लोणचे दाबून ठेवले होते. म्हणाल्या, "ले जाओ बेटा, लेकिन पीर तक वापस लाना. लोणचं मुरायला अजून आठवडा आहे."